प्रश्न विचारणाऱ्याला जागा द्या: कोकणातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पाळक, पंच, विश्वस्त आणि धर्मप्रांतांचे पदाधिकारी यांस,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपल्याकडे धर्मसुधारणेची आठवण काढली जाते. रोमच्या चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूचं नाव निघतं, 1517 साल निघतं, विटेनबर्गच्या पंचाण्णव कलमांचा उल्लेख होतो, विश्वासानं मिळणाऱ्या तारणावर उपदेश होतो आणि आपण घरी येतो. त्या घटनेनं पुढं जगाचं काय केलं आणि त्या जगानं आपलं काय केलं, यावर मात्र उपदेशपीठावरून चकार शब्द निघत नाही. मला नेमकं त्यावरच लिहायचं आहे, कारण आपली बाकं रिकामी का होताहेत याचं उत्तर मला तिथं दिसतं.

ल्यूथरनं नवा करार सामान्य माणसाच्या जर्मन भाषेत 1522 मध्ये आणला आणि सबंध बायबल 1534 मध्ये. हे आपल्याला ठाऊक असतं. त्याचं 1524 सालचं एक पत्र मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते त्यानं जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना लिहिलं होतं. तोफा, रस्ते, पूल यांच्यावर तुम्ही दर वर्षी एवढा पैसा घालता, मग त्यातला थोडा मुलांच्या शाळांवर का घालत नाही, असा त्याचा सवाल होता. मुलींनाही शिकवा, हेही त्यात आहे. पुढं स्वीडनच्या चर्चनं 1686 च्या कायद्यानं घरातल्या प्रत्येकाला, अगदी गडी आणि मोलकरणीलाही, वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. पाळक घरोघर जायचा, पुस्तक पुढं धरायचा, वाचून घ्यायचा आणि कुणाला कितपत वाचता येतं ते चर्चच्या वहीत टिपून ठेवायचा. सरकारनं गावोगाव शाळा सक्तीच्या केल्या त्या 1842 मध्ये. तोवर तिथला शेतमजूर केव्हाच वाचायला शिकला होता.

हाती पुस्तक आलेला माणूस पहिल्यांदा पाळकालाच विचारतो, 'हे कुठं लिहिलंय?' आणि एकदा तोंड उघडलं की हाच प्रश्न तो राजाला, मालकाला, न्यायाधीशाला विचारू लागतो. बाई असेल तर नवऱ्याला आणि सासऱ्याला विचारते. छापील शब्द, सगळ्यांसाठी शाळा, मनाला पटेल तसं मानायचं स्वातंत्र्य, निवडून दिलेला आणि हिशेब द्यायला बांधलेला कारभारी, या गोष्टींशिवाय आजचं जग कल्पनेत येत नाही. त्या घडवण्यात पुष्कळांचे हात लागले. व्यापार होता, विज्ञान होतं, आणि चर्चला वैतागून बाहेर पडलेली माणसंही होती. सगळं श्रेय आपलंच म्हणणं खोटेपणाचं होईल. पण प्रश्न विचारणाऱ्या साध्या माणसाला धर्माच्या आत जागा करून देणं, हा आपला वाटा खराखुरा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

तो वाटा आपल्याच लोकांनी पायदळी तुडवल्याचंही लपवायला नको. कॅल्विन या दुसऱ्या मोठ्या सुधारकाच्या जिनिव्हात 1553 मध्ये मायकेल सर्व्हेटसला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळलं आणि त्याला मृत्युदंड व्हावा ही कॅल्विनचीही इच्छा होती. त्यावर सेबास्टियन कॅस्टेलिओ या प्रॉटेस्टंटानंच लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणं आहे. अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही, या वादात 1845 मध्ये दक्षिणेकडचे बाप्टिस्ट पंथाचे लोक वेगळे झाले. त्याबद्दल जाहीर माफी मागायला त्यांना 1995 उजाडलं. हिटलरच्या काळात जर्मनीतले कितीतरी पाळक त्याच्या मागं गेले. 1934 मध्ये बार्मेन इथं जमून 'ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कुणाला आम्ही चर्चचा धनी मानणार नाही' असं ठणकावणारे थोडेच होते. हे आपल्या मुलांना शब्बाथ शाळेत सांगितलं पाहिजे. नुसता गौरव ऐकून वाढलेलं पोर कॉलेजात गेल्यावर बाकीचं मोबाइलवर वाचतं आणि मग आपण सांगितलेलं सगळंच त्याला खोटं वाटू लागतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते.

सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटला स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, 1823 मध्ये आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैच्या आसपासच्या गावांत मराठी शाळा काढल्या. मुंबईला उतरलेलं जॉन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं 1829 मध्ये मराठी शिकण्यासाठी याच भागात येऊन राहिलं होतं. बाप्तिस्मे अगदी थोडे झाले. मिशनच्या हिशेबानं कोकण तोट्याचंच ठरलं असणार, कारण 1830 नंतर त्यांनी आपला मुक्काम पुणे-मुंबईकडे हलवला. पण त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत 1840 च्या दशकात जोतीराव फुले शिकले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, मिशनऱ्यांशी सगळ्या बाबतींत त्यांचं पटलंही नाही. पण ज्या देशात शूद्राच्या पोराला फारसं कुणी वाचायला बसवत नव्हतं, तिथं एका शाळेनं त्यांना बसवलं. बाणकोटात सुरू झालेल्या कामाला आलेलं हे फळ कुठल्याही मंडळीच्या रजिस्टरात नोंदलेलं नाही.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची गोष्ट तर मला त्याहून मोलाची वाटते. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. बापजाद्यांपासून चालत आलेले रिवाज त्यांनी जपले होते, पण हिब्रू ग्रंथ हातात नव्हते. विल्सननं 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत त्यांची मुलं शिकली आणि त्यांच्यातले काही शिक्षकही झाले. जुना करार त्यांना मराठीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांची आशा अशी की ही मंडळी आता ख्रिस्ताकडे वळतील. झालं असं की पुस्तक वाचून बेने इस्राएल अधिक जाणते यहुदी झाले आणि ख्रिस्ती झालेले अगदी विरळा निघाले. काही जण याला मिशनचं अपयश म्हणतील. मी म्हणत नाही. माणसाच्या हाती पुस्तक देऊन 'वाच आणि तुझं तू ठरव' म्हणायचं, आणि तो 'नाही' म्हणाला तरी शाळा बंद करायची नाही, याच्याइतकी प्रॉटेस्टंट गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

दापोलीचंही तसंच. तिथल्या मिशन हायस्कुलात पांडुरंग वामन काणे शिकले. पुढं त्यांनी धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला आणि 1963 मध्ये भारतरत्न झाले. पालगडचे साने गुरुजी तिथंच शिकले आणि 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. यांतलं कुणी ख्रिस्ती झालं नाही. शाळेनं त्यांना घडवलं ते सोबत कुठली अट न घालता.

आणि देवरुखची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, केशवपन. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ही कोकणातली मुलगी होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि कर्व्यांच्या मुरूड गावच्या गावकीनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. रमाबाई स्वतः 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आल्या होत्या, पण तिथल्या अँग्लिकन धर्मभगिनींपुढेही त्यांनी मान तुकवली नाही. पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, या अर्थाचं त्यांनी 1885 मध्ये कळवून टाकलं. नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि त्यांनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते स्वतः छापलं. रमाबाई आज आपल्या एखाद्या वार्षिक सभेत उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांना बोलू दिलं असतं का, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

तो का छळतो तेही सांगते. एका मंडळीच्या वार्षिक सभेला मी हजर होते. ताळेबंद तोंडी वाचला गेला, कागद कुणाच्या हाती नव्हता. हिशेब तपासनीसाच्या ऑफिसात नोकरी करणारा एक तरुण उठला आणि त्यानं नम्रपणे विचारलं: आवारातली रस्त्याकडची जागा भाड्यानं दिली आहे, तर करार किती वर्षांचा, कुणाशी, आणि पैसे कोणत्या खात्यात येतात? उत्तर आलं की असे प्रश्न विचारणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे, ज्याला शंका असेल त्यानं गुडघे टेकून प्रार्थना करावी. लगेच कुणीतरी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. 'आमेन' झालं तेव्हा सभा संपलेली होती. त्या मुलाचे कान लाल झाले होते आणि शेजारची बाई त्याच्या शर्टाची बाही ओढून त्याला खाली बसवत होती. तो नंतर मंडळीत आलेला नाही.

पाळकसाहेब, पंच मंडळी, ज्या पंथाचा जन्मच अशा प्रश्नातून झाला, त्यात प्रार्थनेचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी व्हावा, याच्यासारखी शरमेची गोष्ट नाही.

जागांचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे मला ठाऊक आहे. मिशनच्या काळच्या जमिनी वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तेव्हा एकीचा आनंद मोठा होता, पण जमिनी कुणाच्या हा वाद आजही कोर्टात खेळतो आहे. गुजरातच्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की एकत्रीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. कायदा असा वाकडातिकडा असताना तर कारभार आणखी स्वच्छ हवा. आपल्या राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा सांगतो की विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा इमारत आणि बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्यानं द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ही मंजुरी घेतली की नाही, हे विचारणारा सभासद मंडळीचा शत्रू नसतो. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दान दिलेल्या पैशाचा तो राखणदार असतो.

आपण एकटेच आटत चाललोय असं नाही. ज्या स्कॉटलंडनं बाणकोटला माणसं धाडली, तिथल्या राष्ट्रीय चर्चचे 1950 च्या दशकात तेरा लाखांवर सभासद होते. आज ते तीन लाखांच्या आत आले आहेत आणि चर्चच्या इमारती विकायला काढाव्या लागताहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याहून खाली, 46.2 टक्क्यांवर आले. जगातले बहुतेक प्रॉटेस्टंट आता आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. तिकडच्या घसरणीचं एक कारण मला असं दिसतं: जे काम चर्चनं सुरू केलं ते सरकारनं, शाळांनी, इस्पितळांनी, वर्तमानपत्रांनी हाती घेतलं, आणि चर्चला स्वतःकडे उरलेलं काम कोणतं ते धड सांगता आलं नाही. वेंगुर्ल्याचं मिशन हॉस्पिटल, मिरजेचं वॉन्लेस साहेबांचं हॉस्पिटल, यांच्या काळात 'मिशन' म्हणताच कोकणी माणसाच्या डोळ्यांपुढं दवाखाना आणि शाळा यायची. आज काय येतं, ते बाजारात कुणालाही विचारून बघा.

आपली जी रिकामी जागा आहे तिथं दुसरे आले आहेत. पनवेलपासून चिपळूणपर्यंत भाड्याच्या हॉलमध्ये, फ्लॅटमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये नव्या संगती, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळ्या, भरतात. आपल्या पंच मंडळींच्या तोंडी त्यांच्याबद्दल तुच्छता असते, ती मला मान्य नाही. ते आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसतात. दारूड्याच्या बायकोचा फोन रात्री अकरालाही उचलतात. मुक्ती मिशनमध्येही 1905 मध्ये असंच रडत-हाका मारत प्रार्थना करणाऱ्या मुलींचं जागरण झालं होतं आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. माझी तक्रार निराळी आहे. त्यांतल्या काही ठिकाणी 'दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्या, देव तुम्हाला गाडी-बंगला देईल' असं उघड शिकवलं जातं आणि तो उपदेश परदेशी व्हिडिओंतून जसाच्या तसा उचललेला असतो. माक्स वेबर या जर्मन अभ्यासकानं 1904-05 मध्ये मांडलं की प्रॉटेस्टंटांची शिस्त, काटकसर आणि काम हीच सेवा मानण्याची वृत्ती भांडवलशाहीच्या वाढीला पोषक ठरली. त्याच्यावर पुष्कळ टीका झाली आहे. पण त्यानंच पुढं बजावलं होतं की ती श्रद्धा निघून गेली आणि मागं नुसता पैशाचा पोलादी पिंजरा उरला. त्या पिंजऱ्यालाच आता काही लोक आशीर्वाद म्हणू लागले आहेत आणि त्याला उत्तर द्यायला आपल्या जुन्या मंडळ्यांकडे तोंड नाही, कारण आपणही भाड्याच्या जागांवरच जगतो आहोत.

जातीबद्दल तर बोलायलाच हवं. लग्नाच्या बैठकीत चहा येण्याआधी हळूच विचारलं जातं, 'मूळचे कोण?' हे विचारणारा बहुधा पंचांपैकीच असतो. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरिकी वेगळ्या. दुसरीकडे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना त्या 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाल्या. सरकार म्हणतं ख्रिस्ती धर्मात जात नाही, आपण घरात जात पाळतो, आणि दोन्हीकडून मार खातो तो दलित ख्रिस्ती. सरकारपुढं निवेदन घेऊन जाण्याआधी आपल्या लग्नाच्या बैठका तपासून घ्या. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आणि त्यांचा महाडचा सत्याग्रह आपल्याच किनारपट्टीतला. त्या मातीत राहून आपण ही चर्चा टाळावी, हे मला समजत नाही.

बायकांचं काय? भक्तीला बाकांवर बहुतेक त्याच, हंगामाच्या सणाला भाज्या-फळं मांडणाऱ्या त्याच, कुणाच्या मयताला आधी पोहोचणाऱ्या त्याच. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. आपल्या किनाऱ्यावर एखाद्या बाईनं सहीचा अधिकार असलेली खजिनदार व्हायचं म्हटलं तरी कुजबूज सुरू होते.

आपल्या भीतीचीही मला जाणीव आहे. महाराष्ट्रात आपण सगळे ख्रिस्ती मिळून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का, त्यात कोकणात कॅथलिक जास्त, प्रॉटेस्टंट मूठभर. धर्मांतराच्या संशयानं कुणी बोट दाखवेल म्हणून आपण दार लावून भक्ती करतो, शेजारच्या घरी प्रार्थनेला जायलाही बिचकतो. पण लपून बसल्यानं संशय वाढतोच. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भर गर्दीत वाद घालत होते. दोन्ही बाजू तावातावानं बोलल्या आणि ते वाद छापूनही निघाले. असं उघड्यावर बोलणारा धर्म लोकांना ओळखीचा वाटतो, तो पटो वा न पटो. कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही, आणि 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. तो फार टिकला नाही, कारण दोनच वर्षांत ते गेले. दरबाराची ती कल्पना पुढं न्यायचं काम आपण करायला हवं होतं.

आता नेमकं काय करा म्हणते ते.

पुढच्या वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी तपासलेला ताळेबंद, प्रत्येक भाडेकराराची तारीख-मुदत-रक्कम, आणि विश्वस्तांची सध्याची नावं चर्चच्या दारावर लावा. नावांत बदल झाला असेल तर त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल केला की नाही, तेही लिहा. भाड्यातला ठरावीक हिस्सा शिक्षणासाठी वेगळा काढण्याचा ठराव करा आणि तो कुठं खर्च झाला ते दर तिमाहीला सांगा.

चर्चचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतो, तो संध्याकाळी उघडा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार कुटुंबं राहतात. त्यांची मुलं शाळेत मराठीवर अडखळतात आणि मग शाळाच सोडतात. मंडळीत निवृत्त शिक्षिका आहेत, मी त्यांतली एक. आम्ही शिकवू. बायबल वाचायला लावणार नाही, कुणाला बोलावणारही नाही. अंकलिपी, पाढे, वाचन, एवढंच. बाणकोटच्या शाळांत जे घडलं ते इथं पुन्हा घडू शकतं आणि त्याला परदेशातून पैसा लागत नाही. पालकांची लेखी संमती घ्या, गावच्या सरपंचाला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी बोलवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

जुनी रजिस्टरं वाचवा. आमच्या मंडळीचं बाप्तिस्म्याचं एक रजिस्टर मी हातात घेतलेलं आहे. कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. एका पानावर आईच्या नावापुढं अंगठा आहे. पुढच्या काही पानांनंतर त्याच घरातली मुलगी स्वतःच्या बाळाला घेऊन आली आहे आणि तिनं वेड्यावाकड्या बाळबोध अक्षरात, रकान्याच्या रेघेबाहेर जाऊन, आपलं सबंध नाव लिहिलं आहे. ते रजिस्टर ठेवलेल्या कपाटावर पावसाळ्यात छत गळतं. मंडळीतल्या कॉलेजच्या पोरांना एक सुट्टी द्या, ती मोबाइलवर प्रत्येक पानाचे नीट फोटो काढून देतील. त्यांच्याकडे काम सोपवलंत तर ती येतीलही.

महिन्यातून एका रविवारी उपदेशानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा. उत्क्रांतीवर विचारू द्या, दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न करायचं का यावर विचारू द्या, बारसूच्या रिफायनरीवर विचारू द्या. सगळ्यांची उत्तरं पाळकाकडे असतील असं नाही आणि तशी अपेक्षाही नाही. 'मला माहीत नाही, पुढच्या वेळी वाचून सांगतो' असं पाळक म्हणाला तर त्याच्याबद्दलचा आदर वाढेल. कोकणच्या जमिनी, खाड्या, सड्यावरची कातळशिल्पं यांबद्दल गाव भांडत असताना चर्चनं अवाक्षर काढायचं नाही, ही रीत बदला. कुणाची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. जमीन कुणाची जाणार, मोबदला किती, पाण्याचं काय होणार, याची कागदपत्रं मागवून ती लोकांना वाचून दाखवा. वाचून दाखवणं हे आपलं जुनं काम आहे.

आणि पंचांमध्ये किमान निम्म्या बायका, त्यांत एक तरी तिशीच्या आतली, हा ठराव याच वर्षी घ्या.

मी हे पत्र जाहीर केलं, कारण याच मुद्द्यांवरच्या आधीच्या लेखी अर्जाला उत्तर आलं नाही. आपल्यावर माझा राग नाही. याच मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, आईवडिलांची माती इथल्याच आवारात आहे आणि माझीही इथंच व्हावी अशी इच्छा आहे. म्हणून हे गप्प राहून बघवत नाही. येत्या नाताळाआधी एका शनिवारी दुपारी सगळ्या मंडळ्यांच्या पंचांनी आणि ज्याला यायचं त्या सभासदानं एकत्र बसावं. रत्नागिरी मध्ये पडते, इथं हॉलची आणि जेवणाची व्यवस्था आम्ही काही बायका करू. आपण तारीख तेवढी कळवा, आणि येताना भाडेकरारांच्या झेरॉक्स सोबत आणा.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद, निवृत्त शिक्षिका
रत्नागिरी